गणिताचा तास, इतिहासाचा तास

एका हौदाला दोन नळ आहेत. पहिला नळ हौद सहा तासांत भरतो, दुसरा नऊ तासांत. दोन्ही एकदम सोडले तर हौद किती वेळात भरेल? मराठी शाळेत शिकलेल्या माणसाने हे उदाहरण आयुष्यात एकदा तरी सोडवलेले असते. तीन तास छत्तीस मिनिटे असे उत्तर येते, रीत बरोबर असली तर पूर्ण गुण मिळतात आणि घंटा होते. हौद कुठल्या गावचा, नळाला पाणी येते कुठून, दुसरा नळ एवढा रडतखडत का चालतो, हे विचारायची सोय नसते. एखाद्या चौकस पोराने विचारलेच तर त्याला सांगतात, ते भूगोलात येईल.

भूगोलात ते येत नाही. तिथे नद्या येतात, धरणे येतात, अपूर्णांक येत नाहीत. कल्याणहून कसारा गाडीत बसले की तासाभराच्या आत आसनगाव येते, म्हणजे शहापूर तालुका. मुंबईला पाणी पुरवणारी तानसा आणि भातसा ही धरणे याच तालुक्यात आहेत; तानसाचे पाणी तर १८९२ पासून मुंबईला जाते आहे. आणि याच तालुक्यातल्या पाड्यांवर चैत्र-वैशाखात बायका हंडे रांगेत लावून टँकरची वाट पाहत बसतात. हौद एका गावात आणि नळ दुसऱ्या गावात, असे हे उदाहरण आहे. ते सोडवायचे तर एका माणसाला दिवसाला किती लिटर पाणी लागते, टँकरमध्ये किती मावते, पाड्यावर माणसे किती, हा गुणाकार-भागाकार यायला हवा. शिवाय धरण कोणी बांधले, पाण्यावर हक्क कोणाचा, ग्रामपंचायतीच्या हातात काय आणि महानगरपालिकेच्या हातात काय, हेही कळायला हवे. यातले एकच ज्याला येते त्याचे उदाहरण अर्धेच सुटते.

सहावी ते आठवीच्या मुलांसाठी लिहिलेल्या या पुस्तकात म्हणूनच गणिताचा भाग वेगळा आणि समाजशास्त्राचा वेगळा, असे केलेले नाही. गुणोत्तर, शेकडेवारी, सरळव्याज, सरासरी, क्षेत्रफळ, आलेख इथे आहेत. शिलालेख, बंदरे, रेल्वे, स्थलांतर, स्थानिक शासन, जनगणना हेही आहे. पण ते एकाच पानावर आहे. बालभारतीच्या पुस्तकांशी माझे भांडण नाही. ती पुस्तके साऱ्या राज्यासाठी असतात, त्यांना गडचिरोलीच्या मुलाचाही विचार करावा लागतो आणि कुडाळच्याही. भांडण असलेच तर वेळापत्रकाशी आहे. घंटा होते, मूल एक वही दप्तरात टाकते, दुसरी काढते, आणि त्या दोन वह्यांची वर्षभर गाठ पडत नाही. इथली उदाहरणे मी कल्याण आणि त्याच्या आसपासची घेतली, कारण मुलांना ती जाऊन पाहता येतात. एका ठिकाणी मात्र घाट चढून नाशिकला जावे लागले, आणि ते प्रकरण मला सर्वांत प्रिय आहे.

नाशिकच्या पांडवलेण्यांत, दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात, नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे. साधारण एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. उषवदाताने भिक्षुसंघासाठी ३००० कार्षापण कायमचे ठेवले. ठेवले कुठे, तर गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेणींकडे. २००० एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा १ या दराने. १००० दुसऱ्या श्रेणीकडे, दरमहा शेकडा पाऊण या दराने. मुद्दल परत मागायचे नाही, व्याज तेवढे वापरायचे. दोन हजारांच्या व्याजातून, लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यायचे.

आता पेन्सिल घ्यावी. दोन हजारांवर महिन्याला शेकडा १ म्हणजे २०. वर्षाचे झाले २४०. वीस भिक्षू, प्रत्येकी १२, तेही २४०. दगडावर कोरलेला हिशेब एका नाण्याचीही खोट न येता जुळतो. हे स्वतःच्या हाताने करून पाहिल्यावर 'श्रेणी म्हणजे कारागिरांचा संघ' ही व्याख्या पाठ करावी लागत नाही. विणकरांचा हा संघ ठेवी घेत होता, व्याज देत होता, आणि राजाच्या जावयाने आपले दान विश्वासाने सोपवावे एवढी त्याची पत होती, हे सारे त्या एका गुणाकारातून बाहेर येते. सातवीतल्या मुलाला व्याजाचे सूत्र सांगितले तर ते महिनाभर टिकते. हा लेख सांगितला तर सूत्र तो स्वतःच मांडतो.

दोन श्रेणींचे दर वेगळे का होते? लेखात कारण दिलेले नाही. एकीचा धंदा जास्त चालत असेल, दुसरीकडे पैसे अधिक सुरक्षित असतील, किंवा आणखी काही. इथे मुलांनी तर्क लढवायचे आहेत, आणि ते चूक की बरोबर हे ठरवायला बाईंकडेही उत्तर नाही. वर्गात असा एक तरी प्रश्न असावा. त्यानंतरचा प्रश्न सोपा आहे: घरच्या बँकेतल्या ठेवीवर वर्षाला शेकडा किती व्याज मिळते ते विचारून या, आणि विणकर वर्षाला शेकडा किती देत होते ते काढून शेजारी लिहा.

हा नहपान कल्याणच्या मुलांना दुसऱ्या एका कारणासाठीही ओळखीचा व्हावा. कान्हेरीच्या लेण्यांतल्या लेखांत कल्याणच्या व्यापाऱ्यांची दाने नोंदलेली आहेत. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक भाषेतल्या व्यापारी मार्गदर्शिकेतही कल्याण बंदराचा उल्लेख येतो, पण तो तक्रारीच्या सुरात. पूर्वी हे रीतसर बाजारपेठेचे बंदर होते, सत्ता बदलल्यापासून इथे अडवणूक होते, ग्रीक जहाज आलेच तर त्याला पहाऱ्यात भडोचला नेले जाऊ शकते, असे तो लिहिणारा सांगतो. भडोचकडचा जो राजा त्यात येतो तो हाच नहपान असावा असे अभ्यासक मानतात. एका बंदराचा माल दुसऱ्या बंदराकडे वळवला की कोणाचे नुकसान, किती अंतर वाढले, जकात कोणाच्या तिजोरीत गेली? नकाशावर दोरा ठेवून आणि प्रमाणाने गुणून मुले हे अंतर काढतात. दुर्गाडीच्या पुलावरून रोज भिवंडीला जाणाऱ्या मुलांना खालची खाडी एकेकाळी अरबी समुद्रापलीकडच्या व्यापाऱ्यांना माहीत होती हे सांगितले तर ती आधी हसतात. हसू द्यावे. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि याच खाडीकाठी मराठी आरमाराची सुरुवात झाली, हे त्यांना ठाऊक असते. त्या जागी गलबते बांधावीशी का वाटली असतील, याचे उत्तर बंदराच्या त्या जुन्या इतिहासात थोडेसे सापडते.

रेल्वेवर सगळ्यात मोठे प्रकरण झाले आहे. कल्याणमध्ये ते टाळता येत नाही. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, ही तारीख मुलांना पाठ असते; १ मे १८५४ ला रूळ कल्याणला पोचले, ही बहुधा नसते. पहिल्या गाडीने ३४ किलोमीटर अंतर ५७ मिनिटांत कापले, म्हणजे सरासरी वेग ताशी सुमारे ३६ किलोमीटर. आता ठाण्याहून मुंबईला धीमी लोकल किती वेळ घेते ते घड्याळ लावून पाहावे. तासाच्या आसपासच! मग एवढ्या वर्षांत प्रगती काय झाली, असे म्हणायचा मोह होतो, आणि नेमके इथे मुलांना थांबवायचे आहे. ती गाडी वाटेत इंजिनात पाणी भरण्यापुरती थांबली. आजची लोकल प्रत्येक स्टेशनावर थांबते. त्या पहिल्या गाडीच्या १४ डब्यांत चारशेच्या आसपास माणसे होती. आजच्या बारा डब्यांत किती असतात याचा अंदाज मुलांनी करावा आणि तो कसा केला ते लिहावे. दोन सरासऱ्या शेजारी मांडण्याआधी त्या कशाच्या सरासऱ्या आहेत ते विचारायचे. ही सवय आठवीपर्यंत लागली तर पुढे वर्तमानपत्रे वाचताना कामाला येते.

कल्याणच्या पुढे रूळ दोन्हीकडे फुटतात. लोकलच्या पाटीवरचा 'एन' कसाऱ्याचा, 'एस' कर्जतचा, हे इथल्या पोराला बाराखडीआधी कळते. कर्जतपुढचा बोरघाट १८६३ मध्ये खुला झाला, कसाऱ्यापुढचा थळघाट १८६५ मध्ये. दोन्हीकडे सर्वांत तीव्र चढ १:३७ चा. वहीत हे गुणोत्तर निरुपद्रवी दिसते. घाटात गाडीला जादा इंजिने लावावी लागतात ती या ३७ मुळे. बोरघाट फोडताना हजारो मजूर राबले आणि पटकीने, सुरुंगांनी त्यातले पुष्कळ मेले, हेही त्याच प्रकरणात सांगितले आहे. चढ काढून झाल्यावर ते वाचावे, आधी नको.

सनावळ्यांचा मुलांना कंटाळा असतो, आणि तो रास्त आहे. पण तारखांची वजाबाकी करायला लावली की कंटाळा जातो असा अनुभव आहे. आनंदीबाई जोशी ३१ मार्च १८६५ ला कल्याणला जन्मल्या, १८८३ मध्ये अमेरिकेला गेल्या, १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला गेल्या. मुलांनी वजाबाकी करून वय काढावे. एकवीस वर्षे, दहा महिने आणि काही दिवस असे उत्तर येते तेव्हा वर्गातल्या मुली क्षणभर गप्प होतात.

आता थोडे मुंबईच्या बाजूला, डोंबिवलीला.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १९०५ मध्ये डहाणूला जन्मले, ठाण्याच्या शाळेत शिकले, फर्ग्युसन कॉलेजातून पदवीधर झाले आणि १९३० पासून १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत देवळालीला शाळामास्तर होते. पदव्युत्तर पदवी त्यांच्याकडे नव्हती. त्यांनी अभ्यासलेल्या एका संख्याप्रकाराला त्यांनी 'डेम्लो संख्या' असे नाव दिले. डेम्लो हे जी. आय. पी. रेल्वेवरचे, मुंबईपासून तीस मैलांवरचे स्टेशन, म्हणजे आजचे डोंबिवली. तिथे त्यांना त्या संख्यांचा विचार सुचला, म्हणून हे नाव. जगभरच्या गणिताच्या पुस्तकांत हे नाव आहे. ज्या फलाटावर सकाळी ८ वाजता पाय ठेवायला जागा मिळत नाही, त्याचे!

डेम्लो संख्या कशी असते ते २३ ला १११ ने गुणून पाहा. उत्तर २५५३. कडांना २ आणि ३, मध्ये त्यांची बेरीज ५, दोनदा. ३१ ला ११११ ने गुणले की ३४४४१. मुले दोन मिनिटांत रीत पकडतात आणि न गुणता उत्तरे ओरडू लागतात. मग त्यांना ५७ गुणिले १११ द्यावे. उत्तर ६३२७ येते आणि रीत फसल्यासारखी वाटते. ती फसलेली नाही, हातचा आलेला आहे; तो कुठे लपला ते शोधणे हाच धडा. याच घराण्यातल्या डौलदार संख्या म्हणजे ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, आणि असे चढत जाऊन नऊ एकांचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१. दहाव्या पायरीला हा डौल मोडतो. का मोडतो, ते पुस्तकात सांगितलेले नाही.

कापरेकरांचा ६१७४ हा स्थिरांक अनेकांनी ऐकलेला असतो. चार अंकी संख्या घ्यावी, सगळे अंक सारखे नसावेत. अंक उतरत्या क्रमाने आणि चढत्या क्रमाने लावून मोठीतून लहान वजा करावी, आणि पुन्हा तेच करत राहावे. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते आणि मग हलत नाही. या पुस्तकात त्यासाठी सनच वापरले आहेत. कल्याणला रेल्वे आली ते १८५४ घ्या: ८५४१ वजा १४५८ बरोबर ७०८३, ८७३० वजा ०३७८ बरोबर ८३५२, ८५३२ वजा २३५८ बरोबर ६१७४. तीन पायऱ्या. १६५७ ला मात्र पुऱ्या सात लागतात. त्या इथे लिहीत नाही, वहीत लिहा. यात इतिहास काही नाही, निव्वळ गंमत आहे, आणि वजाबाकीचा सराव इतक्या आनंदाने दुसऱ्या कशानेही होत नाही.

समाजशास्त्र येते ते कापरेकरांच्या आयुष्यात. विद्यापीठांतल्या पुष्कळ गणितज्ञांनी त्यांच्याकडे फारसे लक्ष दिले नाही. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकातल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिले तेव्हा जग त्यांना ओळखू लागले. तोवर ते सत्तरीत पोचले होते. नवे ज्ञान शोधायचा अधिकार कोणाला असतो आणि तो कोण देते, हा प्रश्न तेरा वर्षांच्या मुलांनाही कळतो. त्यांच्या वर्गातही 'हुशार' कोण हे आधीच ठरलेले असते.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती आकडे वाचण्याची, करण्याची नव्हे. एक उदाहरण देतो. २०११ च्या जनगणनेत ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १,१०,६०,१४८ होती. देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा म्हणून त्याचे नाव झाले. १ ऑगस्ट २०१४ ला त्यातून पालघर जिल्हा वेगळा निघाला. आज कोणी ठाणे जिल्ह्याचा आकडा या आकड्याशी ताडून लोकसंख्या घटली म्हणाला तर? एकही माणूस घर सोडून गेलेला नाही, फक्त नकाशावरची रेघ हलली आहे. कल्याण-डोंबिवलीचेही तसेच. १९८३ मध्ये महानगरपालिका झाली तेव्हा तिच्यात असलेली २७ गावे २००२ मध्ये बाहेर काढली गेली आणि २०१५ मध्ये पुन्हा आत घेतली गेली. २०११ च्या जनगणनेतला कल्याण-डोंबिवलीचा साडेबारा लाखांच्या आसपासचा आकडा त्या गावांशिवायचा आहे. तो घेऊन आजच्या शहराची दर माणशी पाण्याची किंवा रस्त्यांची सरासरी काढली तर भागाकार अचूक आणि उत्तर खोटे, असे होईल. त्या गावांच्या बाजूनेही पाहायला हवे. ग्रामपंचायत गेली म्हणजे नेमके काय गेले, घरपट्टी कोण ठरवू लागले, ग्रामसभेत उठून बोलणाऱ्या माणसाने आता कोणाकडे जायचे? नागरिकशास्त्रातला 'स्थानिक शासन संस्था' हा धडा इथे घडून गेलेला आहे, एकदा नव्हे तर तीनदा. गावे आत असावीत की बाहेर, यावर पुस्तकाने मत दिलेले नाही. वर्गात वाद व्हावा, फक्त तो आकडे समोर ठेवून व्हावा.

याच गावांत जमिनीचा हिशेब अजून गुंठ्यात चालतो. गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद, १०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. आजोबांनी गुंठ्याच्या भावाने जमीन विकली आणि तिथेच उभ्या राहिलेल्या इमारतीत नातू चौरस फुटाच्या भावाने घर घेतो. क्षेत्रफळाच्या प्रकरणात हे दोन भाव एका एककात आणून पाहायला सांगितले आहे. उत्तरावर घरी चर्चा होईलच, ती आम्ही लावून दिली असे कृपया समजू नये. आजी-आजोबांना पावकी, दिडकी, अडीचकी, औटकी पाठ असतील तर ती त्यांच्याकडून याच वेळी ऐकून घ्यावी. साडेतीनाचा पाढा तोंडपाठ असलेल्या माणसाला अपूर्णांकांची भीती वाटत नाही, आणि ही विद्या आपल्या घरात होती हे मुलांना कळलेले बरे.

शिक्षकांना एवढेच सांगायचे आहे की हे पुस्तक क्रमाने संपवायचे नाही. पोर्शन पुरा करायची घाई तुम्हाला असते, ती मला ठाऊक आहे. त्यात आणखी एका पुस्तकाची भर नको. गणित शिकवणाऱ्यांनी आणि इतिहास शिकवणाऱ्यांनी महिन्यातून एखादा जोडतास एकत्र घेतला तरी पुरे. गणिताच्या बाईंना सातवाहनांविषयी शंका विचारली गेली आणि त्या म्हणाल्या, 'सरांना विचारू या', तर तो तास वाया गेलेला नाही. पालकांना विनंती अशी की क्लासच्या सरांकडून ही उदाहरणे सोडवून घेऊ नका. बरीच उदाहरणे घरी, स्टेशनवर, बाजार समितीत किंवा प्रभाग कार्यालयात जाऊन विचारल्याशिवाय सुटणारच नाहीत अशी रचलेली आहेत.

मुलांनो, शेवटी उत्तरे छापलेली नाहीत. ज्यांची उत्तरे एकच येतात ती तुम्ही एकमेकांत ताडून पाहू शकता. ज्यांची अनेक येतात तिथे छापील उत्तराचा उपयोग नाही. आकडे मात्र जुने होत जातील. नवी जनगणना होईल, हद्दी पुन्हा हलतील, बँकांचे दर बदलतील, लोकलला डबे वाढतील. तसे झाले की जुना आकडा खोडा, शेजारी नवा लिहा आणि तो कुठून घेतला तेही लिहा. पुस्तकात काही लिहू नये हा नियम या पुस्तकाला लागू नाही.